दोन ओळींची जागा

कागदवाल्या झानेत्तोच्या म्हाताऱ्या बापाला पुरून मंडळी त्याच्या माडीवर जेवायला बसली. कांदा घालून सिरक्यात मुरवलेल्या तारल्या ताटात पडत होत्या, आणि तेवढ्यात छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या ज्युस्तोच्या कानावर स्वतःचंच वाक्य आलं. सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं. तेही त्याचं म्हणून नाही, दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका रोमन तत्त्वज्ञाचं म्हणून. बोलत होता गास्पारो वैद्य. या माणसाला मयताच्या घरी बोलायची भारी हौस. रोग्याचं भलं करता आलं नाही की तो नातेवाइकांचं भलं करायला घेतो, असं सगळं व्हेनिस त्याच्यामागे म्हणे. बाप गेला तेव्हा झानेत्तो कागदासाठी चिंध्यांची गाठोडी आणायला अंकोनाला गेला होता, पोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते, आणि तेच तेच बोलून तो रडत होता. वैद्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाक्य आधी लॅटिनमधून घोळवून म्हटलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून आपल्या बोलीत. "जो शेवटच्या घटकेला जवळ नव्हता, त्यानं स्वतःला बोल लावून घेऊ नये. जाणारा त्या घटकेला कुणाचीच वाट पाहत नसतो." मग मान वळवून म्हणाला, "काय ज्युस्तो, बरोबर ना? पुस्तक तुझ्याच हाताखालून गेलंय." ज्युस्तोनं मान हलवली. झानेत्तोचं रडं त्या वाक्यानं खरोखरच थांबलं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. बायकांच्या बाजूला त्याची बायको बेत्ता बसली होती. तिनं हातातला पाव खाली ठेवला आणि शेजारणीला हलक्या आवाजात म्हणाली, "तो रोमन मोठा शहाणा असेल. पण त्याला मूल नसावं."

आवाज हलका होता, पण बावीस वर्षांच्या संसारात बायकोचा हलका आवाज नवऱ्याला आधी ऐकू येतो. ज्युस्तोचा घास तोंडातच राहिला. वाक्याची त्याला लाज वाटली का? वाटली, पण ती जुनी लाज होती, तिची सवय झाली होती. हे दुसरंच काहीतरी होतं. ओर्सेता, त्यांची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची होऊन तापानं गेली, तेव्हा तो छापखान्यात होता. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला तो घरी पोचला, तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि बेत्तानं त्याला एवढंच सांगितलं होतं, की झोपेत गेली, काही कळलं नाही तिला. सहा वर्षं तो या एका वाक्याच्या आधारानं उठत होता, जेवत होता, मुद्रितं तपासत होता. झोपेत गेलेलं मूल वाट पाहत नाही. मग बेत्ताला वैद्याचं बोलणं खोटं का वाटलं? जिच्या पोरीला काही कळलंच नाही, तिला त्या तत्त्वज्ञाचा राग यायचं कारण काय? नंतर काय खाल्लं ते त्याला आठवत नाही.

घरी जाताना कालव्याचं पाणी गल्लीत चढायला लागलं होतं आणि बेत्ता पुढे चालत होती. तिनं झानेत्तोच्या आईच्या काळ्या ओढणीचा विषय काढला, तारल्यांत मीठ कमी होतं म्हणाली. तो हूं हूं करत मागून चालत होता. विचारायला एक प्रश्न होता, अगदी लहानसा, जिभेवर येऊन बसलेला. विचारला असता तर ती तिथल्या तिथं काहीतरी बोलली असती. त्याला तेच नको होतं. माणूस म्हणतो मला खरं काय ते कळू द्या, पण दार वाजलं की आधी कडी आहे का ते बघतो. घरच्या दारात, जिन्याखाली, त्याच्या जुन्या, चामडी पट्ट्यांच्या लाकडी खडावा पडल्या होत्या, पाणी चढल्यावर घालायच्या. ओले बूट काढून त्या घालायला त्यानं सवयीनं हात पुढे केला आणि बेत्ता सवयीनं म्हणाली, "राहू द्या त्या. कितीदा सांगितलं, नव्या करून घ्या." सहा वर्षं ती हेच सांगत होती. स्वतः वापरायची नाही, त्याला वापरू द्यायची नाही आणि टाकायचीही नाही. बायकांच्या डोक्यात एकेक असतं म्हणून त्यानं तो नाद कधीच सोडला होता. त्या दिवशी मात्र ओले बूट घेऊन जिना चढताना त्याला उगाचच वाटलं, की या घरात आपल्याला ठाऊक नसलेलं बरंच काही आहे.

ते वाक्य छापलं ती जागा मूळ पोथीत रिकामी होती, हे कुणी विचारलं असतं तर ज्युस्तोनं शपथेवर सांगितलं असतं. डोंगरातल्या एका मठातून पोथी आली होती, चामड्याच्या पानांची, हातानं लिहिलेली. एका मित्राचं मूल गेलं म्हणून त्या रोमन म्हाताऱ्यानं लिहिलेलं लांबलचक समजावणीचं पत्र होतं ते, आणि अकराव्या पानाचा खालचा कोपरा ओलीनं असा खाल्ला होता की दोन ओळींचा नुसता चिखल उरला होता. वर प्रश्न होता: 'मग जो जवळ नव्हता, त्याला काय सांगावं?' उत्तर चिखलात. पुढच्या पानावर म्हातारा समुद्राविषयी बोलायला लागला होता. अशा जागी काय करायचं याची छापखान्याची रीत ठरलेली होती आणि ती ज्युस्तोनंच घालून दिली होती. तेवढी जागा कोरी सोडायची. पुस्तक घेणाऱ्याला कुठं दुसरी पोथी सापडली तर तो लेखणीनं भरून घेईल, नाही सापडली तर कोरं राहील. ग्रीक शब्दांसाठी त्यानं अशा जागा सोडल्या होत्या, सुरुवातीची मोठी अक्षरं रंगाऱ्यानं हातानं काढावीत म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी सोडल्या होत्या. कोरी जागा सोडायला अक्कल लागते, ते तो खिळे जुळवणाऱ्या नव्या जुळाऱ्यांना दम देऊन सांगायचा. जे नाही ते नाही म्हणून छापायचं.

आणि तरी त्या दिवशी त्यानं भरली. ओर्सेताला पुरून तीन आठवडे झाले होते. उपासाचे दिवस, बाहेर धुकं, आत शाईचा आणि ओल्या लोकरीचा वास. बोर्तोलो जुळारी खिळ्यांच्या पेटीपुढे हात चोळत उभा होता, मागे रात्रीपासून भिजवून ठेवलेले ताव होते आणि भिजवलेला कागद कुणासाठी थांबत नाही, दोन दिवसांत बुरशी धरतो. अकरावं पान कुठाय, बोर्तोलो विचारत होता. ज्युस्तोनं पान हातात धरलं. मग जो जवळ नव्हता, त्याला काय सांगावं? त्या म्हाताऱ्यानं दीड हजार वर्षं थांबून नेमकं त्यालाच विचारलं होतं, आणि नेमकं उत्तरच पाण्यानं नेलं होतं. त्याचं डोकं तापलं. सांग ना, सांग, असं तो चामड्याला मनातल्या मनात म्हणत होता. ओर्सेताच्या शेवटच्या दिवशी दुपारी शेजारची बाई छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली होती, बेत्तानं बोलावलंय म्हणून. तो म्हणाला होता, एवढा पानांचा फर्मा तपासून संपवतो, निघालोच. फर्मा संपला, मग दुसऱ्यात एक ओळ उलटी बसलेली दिसली. निघालोच म्हणालेला माणूस चार तासांनी निघाला. त्या चार तासांत त्यानं सतरा चुका काढल्या होत्या, हे त्याला अजून आठवतं. बोर्तोलोनं परत हाक मारली, तेव्हा ज्युस्तोनं लेखणी उचलली आणि म्हाताऱ्याच्या लॅटिनमध्ये, त्याच्याच ठेक्यात, बरोबर दोन ओळी लिहून दिल्या. लिहिताना हात जराही अडला नाही. आयुष्यभर दुसऱ्याची वाक्यं नीट करणाऱ्याला स्वतःचं असं एकच वाक्य सुचलं, आणि ते त्यानं मेलेल्या माणसाच्या तोंडात घातलं.

तीनशे प्रती निघाल्या. शेवटच्या पानावर ऑस्वाल्ट मास्तरानं, म्हणजे छापखान्याच्या जर्मन मालकानं, रिवाजाप्रमाणे छापलं होतं, की चौदाशे एकाहत्तर साली व्हेनिसमध्ये, फेल्त्रेच्या विद्वान ज्युस्तोनं मोठ्या कष्टानं सगळे दोष काढून हा ग्रंथ निर्मळ केला. पोथीचं काम संपलं म्हणून ती बांधणीवाल्याकडे गेली, त्यानं कापून तिच्या पट्ट्या पुस्तकांच्या पाठीला चिकटवल्या. सगळ्याच पोथ्यांचं तेच होतं. म्हणजे आता चिखलसुद्धा उरला नव्हता. आणि वाक्य चालायला लागलं. आधी एका पाद्र्यानं प्रवचनात घेतलं. मग विचेन्झाच्या एका छापखान्यानं पुस्तक जसंच्या तसं उचलून छापलं, त्यात ते होतंच. कुणीतरी आपल्या आईच्या थडग्यावर कोरलं म्हणे. सुरुवातीला ज्युस्तोला यात एक चोरटं सुख होतं, खोटं कशाला बोला. इतके लोक मानतात म्हणजे असेल खरं, असं त्याला वाटे. रात्रंदिवस स्वतःला दिलेली माफी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती खरीखुरी वाटायला लागते. चार-पाच वर्षांनी तर ते आपण लिहिलंय की खरंच पोथीत वाचलंय, असा त्याचा गोंधळ व्हायला लागला होता. आणि आता एका जेवणात, पाव खाली ठेवता ठेवता, एका लॅटिन न येणाऱ्या बाईनं ते उचलून बाजूला टाकलं.

त्यानंतरचे आठ-नऊ दिवस त्यानं बायकोकडे चोरून पाहण्यात घालवले. ती मासे साफ करी, चुलीत फुंकर घाली, खिडकीतून शेजारणीशी भांडे, आणि तो तिच्या तोंडावर काहीतरी शोधत असे. एकदा तिनं वळून विचारलं, काय झालं, माझ्या तोंडावर काय चुका सापडल्यात का? तो हसला. ओर्सेताची खाट अजून खिडकीच्या बाजूला होती, तिच्यावर आता घडी केलेल्या चादरी असत. खाटेवरून बघितलं तर समोर दार दिसतं. हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. एका सकाळी बेत्ता बाजारात गेल्यावर तो त्या चादरींवर आडवा झाला, पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पाय बाहेर लोंबत, आणि दाराकडे बघत राहिला. दाराच्या वरच्या बिजागरीशी लाकडाला एक गाठ होती, डोळ्यासारखी. तापात पडलेल्या पोरीनं ती किती वेळ पाहिली असेल? पाहिली नसेल, झोपली होती ना ती. झोपेत गेली. त्यानं ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि मुद्रित तपासणाऱ्याच्या कानाला पहिल्यांदाच जाणवलं, की ते फार नेटकं आहे. बेत्ता एरवी असं बोलत नाही. बेत्ताची वाक्यं लांब असतात, त्यांत शेजारीण असते, हवा असते, कोण कधी काय म्हणालं ते असतं. एवढं छोटं, एवढं साफ वाक्य ती कधी बोलत नाही. कुठून तरी भरलेलं असावं तसं ते होतं. तो उठून बसला आणि चादरी जशा होत्या तशा घडी घालून ठेवल्या.

त्याच आठवड्यात ऑस्वाल्ट मास्तरानं पुस्तक परत छापायला काढलं. पहिली आवृत्ती केव्हाच संपली होती, आणि झानेत्तोच्या घरच्या जेवणानंतर तर चौघांनी येऊन चौकशी केली होती, असं मास्तर हात चोळत म्हणाला. या वेळी पोथी नव्हती. बोर्तोलोपुढे पहिल्या आवृत्तीची प्रत उघडून ठेवली होती, आणि त्यावरूनच तो खिळे जुळवत होता. त्या वाक्याचं पान जुळून फर्म्यात बसलं, पहिला ताव निघाला, ओला, काळाभोर. ज्युस्तोनं तो खिडकीशी नेला. मग जो जवळ नव्हता, त्याला काय सांगावं? खाली त्याचं वाक्य ऐटीत बसलं होतं. चूक एकही नव्हती. तो बराच वेळ उभा राहिला, इतका की बोर्तोलोनं विचारलं, झोप लागली का. मग तो फर्म्यापाशी आला आणि त्यानं बोर्तोलोला त्या दोन ओळी काढायला सांगितल्या. त्या जागी काय घालू, बोर्तोलोनं विचारलं. काही नाही, ज्युस्तो म्हणाला, कोरं सोड.

मास्तर धावत आला. त्याला वाटलं ज्युस्तोला बरं नाही. त्यानं आधी गोडीनं सांगितलं, मग जर्मनमध्ये शिव्या दिल्या, मग परत गोडीनं. लोक ते वाक्य ऐकून पुस्तक मागायला येतात, आणि पान उघडून बघतात तर भगदाड! विचेन्झावाल्यांच्या पुस्तकात आहे आणि आपल्यात नाही, म्हणजे आपणच खाल्लं म्हणतील. ज्युस्तोला हे सगळं पटत होतं. वाक्य आता परत येणारं नव्हतं. सुटलेली शेळी गावभर चरून झाली होती. पोथीत नव्हतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मास्तर थांबला. ज्युस्तोच्या तोंडाकडे बघून त्याला जे कळायचं ते बहुधा कळलं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. "मग कोरं राहू दे," तो म्हणाला. "पण शेवटच्या पानावर तुझं नाव नाही घालणार मी. आणि यापुढची मुद्रितं तुझ्याकडे द्यायची की नाही, त्याचाही मला विचार करावा लागेल." ज्युस्तो म्हणाला की नाव नका घालू. हे बोलताना त्याला वाटलं होतं छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. त्यानं कोऱ्या जागेचा पहिला ताव मागून घेतला, घडी घातली, आणि भर दुपारी, फर्मा तसाच टाकून, घरची वाट धरली. सहा वर्षं उशिरा का होईना, दुपारचा निघाला.

बेत्ता खिडकीशी बसून तारल्या साफ करत होती. एवढ्या लवकर त्याला दारात बघून तिनं आधी विचारलं कोण गेलं. कुणी नाही, तो म्हणाला, आणि ताव तिच्यापुढे उघडून धरला. बेत्ताला अक्षरओळख नव्हती, पण बावीस वर्षं तिनं त्याच्या बाहीवरची शाई धुतली होती; पान कसं दिसतं ते तिला माहीत होतं. तिनं खवल्यांचं बोट न लावता नुसतं दाखवलं. "इथं काही नाही." तो म्हणाला, नाही. इथं कधीच काही नव्हतं. त्या दिवशी वैद्य जे म्हणाला ते त्या रोमन म्हाताऱ्याचं नव्हतं, ते मी लिहिलं होतं, ओर्सेता गेल्यावर तीन आठवड्यांनी. बेत्तानं सुरी परातीत ठेवली. हात कमरेच्या फडक्याला पुसले, एकदा, परत एकदा. खाली कालव्यातून कुणाची तरी होडी भिंतीला घासत गेली, तेवढा वेळ ती त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे मूल होतं त्याला," ती म्हणाली.

मग ती बोलली, आणि हे बेत्ताचं बोलणं होतं, लांब, शेजारणीसकट. दुपारी पोरगी जागी झाली, अगदी शुद्धीवर, पाणी मागितलं, म्हणून तर मी बाईला पाठवलं तुमच्याकडे. बाई परत आली, म्हणाली निघालेत. ओर्सेताला सांगितलं बाबा निघालेत. ती दाराकडे तोंड करून पडली. किती वेळ कोण मोजतंय, पण ऊन खाटेवरून भिंतीवर गेलं. तीनदा विचारलं तिनं, आले का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज असा झाला होता की मला राहवलं नाही. मी म्हटलं, आले, आले बघ, जिन्यातच आहेत. आणि खाली पळाले. तुमच्या खडावा होत्या तिथं. त्या हातात घेतल्या आणि एकेका पायरीवर आपटत वर आले, तुम्ही येता तसं, हळूहळू, मधे एकदा थांबून. दारात आले तोवर ती गेली होती. "मीसुद्धा नव्हते जवळ. जिन्यात होते, तुमची पावलं वाजवत. तिनं ऐकली का, ते मला माहीत नाही. आणि मग तुम्ही आलात, तुमचं तोंड असं झालेलं, तुम्हाला काय सांगणार होते मी? झोपेत गेली म्हटलं."

ज्युस्तो खाली बसला, जमिनीवरच, खवल्यांत. आपलं वाक्य त्याला आठवलं आणि ते आपण कुणाला लिहिलं होतं ते आता कळलं. सहा वर्षं या घरात दोघंजण होते ज्यांना ते हवं होतं, आणि दोघांच्याही बाबतीत ते खोटं होतं; पोर वाट पाहत होती. त्याला रडू आलं. बेत्ता त्याला उठवायला गेली नाही. ताव तिच्या मांडीवर होता आणि कोऱ्या जागेवर, व्हायचं ते झालंच, तारलीचं एक खवलं चिकटलं होतं. मग ती म्हणाली, "खाली जा आणि एकदा वर या."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. जिन्याखाली बसून त्यानं खडावा पायांत घातल्या. चामडं वाळून कडक झालं होतं, पाय सुजल्यासारखे होऊन आत जाईनात, त्यानं जोर लावून घातले. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली. मधे, नेहमी थांबायचा तिथं, तो थांबला. आपण इथं थांबतो हे त्याला स्वतःला आजवर माहीत नव्हतं. वरचं दार उघडं होतं, पण बेत्ता दारात दिसत नव्हती. चादरी उचलल्याचा आवाज आला, मग ओर्सेताची खाट करकरली.

"आलात का?" आतून तिनं विचारलं.

"आलो," तो म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या चढायला लागला.